पिशवीतले कागद



वाशीसारख्या तालुक्याच्या गावी कायद्याचे विद्यार्थी एवढ्या संख्येने जमले, याचं मला अप्रूप वाटतं. आभाराचे शब्द थोडक्यात आटोपतो आणि मुद्द्यावर येतो. पदवी हातात पडेल त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय यायला हवं?

माझ्या मते, समोर उघडलेली पिशवी वाचता यायला हवी. आपला पक्षकार फाइल आणत नाही; कापडाच्या दुकानातली पिशवी आणतो. तिच्यात सातबारा, आठ-अ, दोन-तीन फेरफार आणि घडीवर फाटलेलं 1954-55 चं खासरा पत्रक असतं. आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुन्या कागदांत उर्दू येते, आणि कुळाच्या वादात पुण्या-साताऱ्याचा कायदा लागत नाही. इथे 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम काढावा लागतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपली, असं अर्धं गाव समजतं. नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण तिच्यामुळे मालकी मिळत नाही. एवढा फरक शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगता आला, तर पुष्कळ दावे दाखलच होणार नाहीत.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले. ते पुन्हा पाठ करता येतील. ऐकायचं कसं, हे मात्र वेळीच शिकावं लागतं. मला ते उशिरा कळलं. वकिलीच्या पहिल्या वर्षी भावांनी एका बहिणीला हक्कसोड पत्रासाठी आणलं. मसुदा माझा होता. भाऊ बोलत होते, मी लिहीत होतो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. मी तिला एक शब्दही विचारला नाही, मजकूर वाचूनही दाखवला नाही. अंगठा उठवून झाल्यावर तिने विचारलं, "आता माहेरी येता येईल ना मला?" ती काय सोडत होती, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क असतो, हे स्पष्ट केलं. परीक्षेत हे तुम्ही नीट लिहाल. भाऊ फी देत असताना बहिणीला बाजूला बसवून हेच सांगाल का?

आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, 1941 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. एवढे मोठे बॅरिस्टर गावच्या वतनाचा प्रश्न गावात येऊन मांडत होते. वतन काय, कूळ काय, वाटणी काय, हे प्रश्न आपल्याकडे दुय्यम मानू नका.

अभ्यासक्रमात मसुदालेखन आहे, अभिरूप न्यायालय आहे, पक्षकाराची मुलाखतही आहे. बऱ्याच ठिकाणी हे सगळं वही भरण्यापुरतं उरतं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळतं. पण अर्ज लिहून द्यायला माणूस लागतो. महाविद्यालयांना माझी विनंती आहे, दर आठवडी बाजारी दोन विद्यार्थी तहसीलबाहेर बसवा. समोर येईल ती पिशवी त्यांनी उघडावी, एकेक कागद मोठ्याने वाचावा, आणि आणणाऱ्याला समजला का, हे विचारल्याशिवाय पुढचा कागद हातात घेऊ नये.