चूल सापडली, पण चुलीपुढची बाई?

(यवतमाळ जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. मी आज एका चुलीबद्दल बोलणार आहे.

बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला २०२३-२४ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं. सर्वांत जुनी वस्ती निघाली ती लोहयुगातली, सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्याही आधीची. गोल घर, चुनखडीची जमीन, लाकडी खांबांच्या खुणा आणि चूल. शिवाय मातीची भांडी, लोखंडी वस्तू, मणी. चुलीपुढे कोण बसत होतं, भांडी कोणी घडवली, हे मात्र माती सांगत नाही. लिहिलेलं काहीच नाही. मग पुस्तकात येतं, ‘मानवाने घर बांधले’, आणि शेजारच्या चित्रात पुरुष असतो!

याहून जुनी एक गोष्ट ऐका. आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीकाठी अश्शूर हे शहर होतं. त्याच्या नावाने पुढे मोठं साम्राज्य झालं. पण इ.स.पू. १९०० च्या सुमारास ते व्यापाऱ्यांचं छोटं राज्य होतं. तिथून गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि लोकरी कापड हजारेक किलोमीटरवर, आजच्या तुर्कस्तानातल्या कानेश गावी जाई. त्यातलं बरंच कापड अश्शूरच्या बायका घरी विणत. कानेशला मातीच्या २२ हजारांहून अधिक लेखी पाट्या सापडल्या. त्यांत या बायकांची पत्रंही आहेत. लमस्सी नावाची बाई कापड पाठवते आणि परगावी असलेल्या नवऱ्याकडे, पुशुकेनकडे, त्याची चांदी मागते. चार हजार वर्षांपूर्वीची बाई तिच्या कष्टासकट आपल्याला नावाने माहीत आहे, कारण हिशोब लिहिलेला होता.

आता आपल्याकडे पाहू. सरकी टोबणं, निंदण, वेचणी बाईची. काट्यावरची पावती बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाची, सातबाराही त्याचाच. विचारलं तर आपणच सांगतो, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’

म्हणून एक मागणं आहे. गावी गेल्यावर एक वही घाला. आज किती किलो वेचलं, किती तास निंदलं, किती मजुरी मिळाली, किती बुडाली, सारं लिहा. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीने लिहावं. सातबाऱ्यावर नाव मागायला जाऊ तेव्हा ही वही सोबत नेऊ.

पाचखेडच्या बाईचं नाव आता मिळणार नाही. आपलं हरवू देऊ नका.