नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला का?



परदेशातून येणाऱ्या पैशांची तपासणी हे माझं बँकेतलं रोजचं काम. रत्नागिरी-रायगडमधली कितीतरी घरं आखाती देशांतून येणाऱ्या पगारावर चालतात. म्हणून या तपासणीबद्दल आज थोडं बोलतो.

एका देशातली बँक दुसऱ्या देशातल्या बँकेला पैसे पाठवते तेव्हा नोटा जात नाहीत, संदेश जातो. हे संदेश वाहून नेणारी ‘स्विफ्ट’ ही संस्था १९७३ मध्ये बेल्जियममध्ये सुरू झाली. आज दोनशेहून अधिक देशांतल्या अकरा हजारांवर संस्था तिला जोडलेल्या आहेत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेश बँकेच्या संगणकांत शिरून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ खोटे संदेश पाठवले. मागणी होती सुमारे ९५ कोटी डॉलरची. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्समध्ये गेले. बरीचशी रक्कम मात्र अडली. कारण पैसे जिथे जायचे होते ती शाखा ‘ज्युपिटर’ नावाच्या रस्त्यावर होती आणि निर्बंध घातलेल्या एका जहाजाचं नावही ज्युपिटरच होतं! श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर तर ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं म्हणून वाचले.

आपल्या पुण्यातही हे घडलं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये चोरले गेले. त्यातले जवळपास १४ कोटी स्विफ्टमार्फत हाँगकाँगला गेले.

म्हणजे तपासणी हवीच. पण हीच चाळणी निरपराध माणसालाही अडवते. मोहम्मद, खान, शेख, अली ही नावं लाखोंची आहेत आणि इंग्रजीत एकट्या मोहम्मदची स्पेलिंगं किती! संगणक फक्त ‘नाव सारखं दिसतं’ एवढंच सांगतो. जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट पाहून निर्णय माणसानं घ्यायचा असतो. तो टाळला, की कुणाच्या तरी मुलीची फी अडकते. नाव जुळणं हा प्रश्न आहे, उत्तर नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून देशोदेशीच्या बँकांमधले पैसे पाठवण्याचे संदेश ‘आयएसओ २००२२’ या नव्या पद्धतीनं जातात. तिच्यात नाव, रस्ता, शहर, देश यांना वेगळे रकाने आहेत. त्यामुळे रस्त्याला जहाज समजण्याचे प्रकार कमी होतील. पण गंमत पाहा, २०१६ मध्ये तीच गफलत उपयोगी पडली होती! म्हणून यंत्र कितीही सुधारलं तरी थांबून विचारणारा माणूस लागतोच.

तुमच्या हातात काय आहे? पासपोर्ट, आधार आणि बँक खातं यांवर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. पैसे अडले तर कोणती माहिती हवी, हे बँकेला लेखी विचारा. कमिशनच्या लोभानं आपलं खातं दुसऱ्याला वापरायला कधीही देऊ नका. आणि कॉमर्स, कॉम्प्युटर शिकणाऱ्यांनो, या कामात या. एका नावाची हजार माणसं असतात, हे अनुभवानं ठाऊक असलेली माणसं तिथे हवी आहेत.