एका दिवसाचे अंदाजपत्रक

गृहस्थाच्या जमाखर्चात काही खर्च असे असतात की त्यांचा विचार दहादा होतो, आणि काही असे की त्यांचा विचार एकदाही होत नाही. शाळेची फी, विम्याचा हप्ता, दिवाळीचे कपडे यांची तरतूद आधीच झालेली असते; मंडईत पाच रुपयांसाठीदेखील घासाघीस होते. पण मुलाबाळांना घेऊन एखाद्या मनोरंजन उद्यानात दिवस घालवावयाचे ठरले की हाच काटेकोर गृहस्थ 'एकच तर दिवस आहे' असे म्हणून हिशेबाची वही मिटून ठेवतो. मग ती वही त्याच्या मनात दिवसभर उघडीच राहते. उद्यानातील दुपारच्या जेवणाचा दर पाहून त्याचा चेहरा उतरतो, धाकट्याने मागितलेल्या आइस्क्रीमवर तो खेकसतो, आणि ज्या आनंदासाठी हजारो रुपये खर्च झाले तो शेवटच्या शंभर रुपयांपायी नासतो. दिवस बिघडतो तो खर्चामुळे क्वचितच. बहुधा तो अकल्पित खर्चामुळे बिघडतो.

हे असे का होते, हे समजण्यासाठी जुन्या जत्रेची आठवण करणे उपयुक्त ठरेल. जत्रेला फाटक नसे. गावातील सधन शेतकरी आणि मोलमजूर एकाच वाटेने आत येत. पाळण्याचे पैसे वेगळे, चक्रीचे वेगळे, रेवडीचे आणि पिपाणीचे वेगळे. मुलाच्या मुठीत वडील जी नाणी ठेवीत तेवढीच त्याची जत्रा. ती नाणी कशावर खर्चावयाची, याचा निर्णय ते पोर स्वतः करी. दोनदा पाळण्यात बसले तर पिपाणी मिळणार नाही, हे अर्थशास्त्र त्याला कोणी शिकवावे लागत नसे. तेथे प्रत्येक सुखाची किंमत वेगळी होती, म्हणून प्रत्येक सुखाचा विचारही वेगळा होत होता.

आधुनिक मनोरंजन उद्यानांचा आदर्श मानले गेलेले डिस्नेलँड अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १७ जुलै १९५५ रोजी उघडले, तेव्हा तेथील व्यवस्थाही जत्रेसारखीच होती. प्रवेशाचे पैसे निराळे आणि प्रत्येक खेळाचे निराळे. काही महिन्यांतच तिकिटांची पुस्तके निघाली. खेळांची प्रतवारी करून त्यांना 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरे देण्यात आली, आणि १९५९ मध्ये सर्वांत आकर्षक खेळांसाठी 'ई' हे तिकीट आले. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. त्यानंतर एकदा प्रवेशमूल्य भरले की सर्व खेळ खुले, अशी व्यवस्था रूढ झाली. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊन या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. मालकाने फाटकावर अधिक घ्यावे की पाळण्यावर, असा तो प्रश्न. सर्व गिऱ्हाइके सारखी असतील तर पाळण्याचा दर त्याच्या प्रत्यक्ष खर्चाइतकाच ठेवावा आणि उरलेला सर्व लाभ फाटकावरच घ्यावा, असा त्याच्या विवेचनाचा इत्यर्थ.

या बदलाचा गृहस्थावर जो परिणाम झाला तो लक्षात घेण्याजोगा आहे. जत्रेत दिवसभरात वीस लहान निर्णय करावे लागत. उद्यानात एकच मोठा निर्णय करावयाचा असतो, आणि तो फाटकाबाहेरच करावा लागतो. म्हणून त्याचे अंदाजपत्रकही घरीच, सर्वांच्या समक्ष झाले पाहिजे.

आपल्याकडे दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८४ मध्ये 'अप्पू घर' सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या हत्तीवरून त्याला हे नाव मिळाले होते. ते २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये 'एस्सेलवर्ल्ड' उघडले आणि २०२२ मध्ये तेही मिटले. पण खाडी ओलांडून तेथे जाण्याचे होडीचे भाडे अनेक कुटुंबांच्या हिशेबात शेवटच्या क्षणी शिरत असे, हे मुंबईकरांच्या स्मरणात असेल. २००० मध्ये कोचीला आणि २००५ मध्ये बंगळूरजवळ 'वंडरला'ची उद्याने सुरू झाली, आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ 'इमॅजिका' उभे राहिले. महाराष्ट्रातील असोत वा बाहेर स्थायिक झालेली असोत, मराठी कुटुंबांपुढे आता हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच.

उदाहरणादाखल ठाण्याचे एक कुटुंब घेऊ. पती, पत्नी, आजी, तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. त्यांना स्वतःच्या गाडीने खोपोलीच्या बाजूला जावयाचे आहे. पुढील आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपापल्या उद्यानाचे दर तेथे घालावेत. मोठ्यांचे तिकीट १,४०० रुपये, लहानांचे आणि वृद्धांचे १,१०० रुपये धरले, तर मोठ्या दराची तीन आणि सवलतीची दोन मिळून तिकिटांचे ६,४०० रुपये होतात. इंधन, पथकर आणि वाहनतळ यांचे १,६००. दुपारचे जेवण माणशी ३५० आणि संध्याकाळचा चहा-फराळ माणशी १००, म्हणजे पाच जणांचे २,२५०. पाण्याच्या खेळांसाठी पोशाख आणि सामान ठेवण्याचा लॉकर यांचे ७००. मुलांच्या हाती द्यावयाचे आणि एखाद्या छायाचित्राचे मिळून ६००. बेरीज ११,५५०. राज्यघटनेने केंद्राला आणि राज्यांना अनपेक्षित खर्चासाठी आकस्मिकता निधी उभारण्याची मुभा २६७ व्या अनुच्छेदात दिली आहे. तशी ती या लहानशा संस्थानालाही असावी. त्यासाठी एकदशांश, म्हणजे सुमारे १,१५० रुपये ठेवले की एकूण अंदाज १२,७०० रुपयांचा होतो.

या आकड्यांतून पहिली गोष्ट दिसते ती ही की, तिकीट म्हणजे दिवसाचा निम्मा खर्च. जाहिरात मात्र तेवढीच असते. जो गृहस्थ तिकिटाचा दर वाचून निघतो, तो अर्धेच अंदाजपत्रक घेऊन निघतो.

दुसरी गोष्ट कराची. मुंबई इलाख्यात करमणुकीवरील कराचा कायदा १९२३ सालचा. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के दर लागला. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. जाहिरातीतील दर करासह आहे की करावेगळा, हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते. वरील ६,४०० रुपयांवर १८ टक्क्यांनी १,१५२ रुपये होतात. म्हणजे करावेगळा दर करासह समजून जो निघाला, त्याचा संपूर्ण आकस्मिकता निधी तिकीटखिडकीवरच संपला.

तिसरी गोष्ट उंचीची. अनेक उद्यानांत लहान-मोठे हे वयावरून ठरत नाही, उंचीवरून ठरते. तेरा वर्षांची उंच मुलगी मोठ्यांच्या दरात जाते. उलट सहा वर्षांच्या मुलाचे तिकीट काढलेले असते, पण वेगवान खेळांपाशी सुरक्षिततेसाठी लावलेल्या पट्टीखाली तो चार बोटे कमी भरतो, आणि बहिणीला वर जाताना पाहून रडू लागतो. निघण्यापूर्वी घरीच भिंतीशी उभे करून मुलांची उंची मोजावी, कोणता खेळ कोणासाठी आहे हे उद्यानाच्या माहितीत पाहावे, आणि ज्याला जे मिळणार नाही ते त्याला घरीच सांगावे. घरी कळलेली निराशा दिवसभर पुरत नाही.

आजीचा प्रश्न याहून नाजूक आहे. बहुतेक वेळा ती पाळण्यात बसत नाही. पिशव्या सांभाळीत एखाद्या बाकावर बसते. तिला न्यावे की नाही, हा हिशेबाचा प्रश्न नव्हे. तिला न्यावेच, पण तिच्यासाठी दिवसात काय आहे हे आधी ठरवावे. एखादा संथ खेळ, एखादा नाट्यप्रयोग, सावलीची जागा, आणि आळीपाळीने तिच्याजवळ बसणारे एक माणूस. अकराशे रुपये भरून तिला पहारेकरी नेमणे हा अपव्यय तर आहेच, पण अन्यायही आहे.

असाच एक अबोल अन्याय जेवणाच्या वेळी घडतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास बहुतेक उद्यानांत मनाई असते. चित्रपटगृहांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असा निर्णय दिला, की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार मालकाला आहे, मात्र पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेले वाजवी अन्न अडवू नये. उद्यानाचे नियम आधी वाचावेत हे उत्तम. पोटभर न्याहारी करून निघावे, परतीच्या वाटेसाठी गाडीत दशम्या आणि चटणी ठेवावी. पण आतल्या जेवणाची तरतूद मात्र पाचही माणसांची करावी. कारण ती केली नाही तर काय होते, हे घरोघरी ठाऊक आहे. दर पाहून घरातील गृहिणी म्हणते, 'मला फारशी भूक नाही, मी मुलांतलेच घेईन.' सरकारी व्यवहारात एका शीर्षाखालील रक्कम दुसरीकडे वळविण्याला पुनर्विनियोजन म्हणतात, आणि त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. घरात हे पुनर्विनियोजन आईच्या ताटातून होते, आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. चांगल्या अंदाजपत्रकाची खरी कसोटी येथे आहे. त्यात जो मागत नाही त्याचाही वाटा आकड्यात लिहिलेला असतो.

पैशांइतकेच अंदाजपत्रक वेळेचे करावे लागते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा म्हणजे ४८० मिनिटे. जेवण, कपडे बदलणे, विसावा यांत दीड तास गेला की ३९० उरतात. गर्दीच्या दिवशी एका खेळासाठी रांगेसह पाऊण तासाहून अधिक लागतो असे धरले, तर दिवसभरात सात-आठ खेळांपलीकडे मजल जात नाही. फाटकावर मात्र सर्व खेळ आपले झाले असे वाटलेले असते. येथेच 'पैसे वसूल' या शब्दाचा जाच सुरू होतो. दमलेल्या मुलाला चौथ्या रांगेत ओढले जाते, कारण तिकिटाचे पैसे भरलेले आहेत. वस्तुतः ते पैसे सकाळीच गेले. मूल पाळण्यात बसले काय किंवा झाडाखाली निजले काय, ते परत येणार नाहीत. आता खर्च होत आहे तो त्याच्या शक्तीचा आणि वडिलांच्या शांततेचा. म्हणून प्रत्येकाने घरूनच तीन खेळ निवडावेत. ते झाले की दिवस सफल समजावा, आणि पुढचे सारे वरकड.

काही उद्यानांत रांग टाळण्याचे जादा तिकीट मिळते. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ मध्ये सुरू झालेली अशी सोय विनामूल्य होती. २०२१ पासून तिच्या जागी सशुल्क सोय आली. म्हणजे पुढल्या दाराने गेलेले 'ई' तिकीट मागल्या दाराने परत आले. हे जादा तिकीट घेणे वाईट नाही, पण तोच लाभ शाळेच्या सुटीतील एखाद्या मधल्या वारी गेल्याने बहुधा स्वस्तात मिळतो; अनेक उद्यानांचे दरही त्या दिवशी कमी असतात.

एवढे झाल्यावर शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न उरतो. १२,७०० रुपये सहा महिन्यांत साठवावयाचे तर दरमहा सुमारे २,१०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. ज्या घरी ते पडतात, तेथे मुलांना ही बचत दिसू द्यावी. वाट पाहण्यातही सुटीचा अर्धा आनंद असतो. ज्या घरी ते पडत नाहीत, तेथे कर्ज काढून जाण्यापेक्षा 'यंदा नाही' हे शब्द स्पष्टपणे उच्चारावेत. 'बघू', 'पुढच्या रविवारी' अशा टोलवाटोलवीने मुलांना घरची स्थिती कळावयाची राहत नाही. फक्त वडिलांच्या शब्दावरचा विश्वास कमी होतो. कारण सांगून दिलेला नकार मूल समजून घेते. आणि दिवस मौजेत घालविण्यास फाटकच लागते असे नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये प्रजेसाठी बाग खुली केली. गावोगावच्या अशा सार्वजनिक बागांत डबा घेऊन गेलेले कुटुंब काही कमी सुखी नसते.

जे जातील त्यांनी मुलांच्या हाती सकाळीच ठरावीक रक्कम द्यावी, जत्रेत देत असत तशी, आणि तिचा विनियोग त्यांच्यावर सोपवावा. टोपी घ्यावी की खेळणे, की दोन्ही टाळून पैसे परत आणावेत, हे त्यांनी ठरवावे. मध्ये कोणी बोलू नये. रात्री घरी आल्यावर मुलीला हिशेब लिहावयास सांगावा. अंदाज कोठे चुकला, आकस्मिकता निधीतील किती उरले, हे तिच्या हातून कागदावर आले म्हणजे पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक ती स्वतःच मांडील, आणि त्यात आजीचा नाट्यप्रयोग व आईचे ताट बहुधा पहिल्या ओळीत असेल.