शेजारी फराळाला येतात, त्यानंतर काय?



वसईजवळच्या आगाशीत ख्रिस्ताविषयी बोलायचे म्हटले की आधी इतिहास समोर येतो, आणि तो सोयीचा नाही. पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे हे बंदर लुटले. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली आणि १५५८ मध्ये आगाशीत सेंट जेम्सच्या नावाने चर्च उभे राहिले. ज्यांनी तरुणपणी बंदराची लूट पाहिली होती, त्यांच्याच उतारवयात गावात चर्चची घंटा वाजू लागली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले. त्यांच्यामागे इथला ख्रिस्ती समाज मात्र राहिला. तो आपल्या बोलीत बोलत राहिला, केळीच्या बागा शिंपत राहिला, सुकेळी वाळवत राहिला आणि रविवारी मिस्साला जात राहिला. पाठीशी सत्ता नसताना टिकलेली ही श्रद्धाच वसईची खरी कमाई आहे.

आज याच गावात चर्च आहे, भवानीशंकराचे मंदिर आहे आणि मुनिसुव्रत स्वामींचे जैन तीर्थही आहे. नाताळात शेजारी फराळाला येतात, पोरांनी केलेला गोठा कौतुकाने बघतात, ‘सगळे देव एकच हो’ म्हणतात आणि घरी जातात. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणबत्ती लावणाऱ्यांत बिगरख्रिस्ती भाविक कितीतरी असतात. ख्रिस्ताला कुणाचा विरोध नाही, आणि त्याच्याविषयी कुणी काही विचारतही नाही. महाराष्ट्रातल्या अनास्थेचा चेहरा असा हसरा आहे. विरोध करणाऱ्याशी निदान बोलणे होते. आदराने हात जोडून पुढे जाणाऱ्याशी काय बोलायचे, हा प्रश्न सुवार्ता सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

प्रश्न जुना आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्समध्ये बोलतो. काही जण थट्टा करतात, तर काही जण ‘पुन्हा कधीतरी ऐकू’ असे सांगून त्याला वाटेला लावतात. मोजके काही विश्वास ठेवतात. पौलासारख्या वक्त्याची ही गत झाली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि ही अनास्था फक्त चर्चच्या कुंपणापलीकडची नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. बोळींजच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या कुटुंबांना आगाशीचे चर्च एक सुंदर जुनी वास्तू म्हणून ठाऊक असते. पण सकाळच्या विरार लोकलला लटकून चर्चगेट गाठणारा आणि रात्री थकून घरी येणारा ख्रिस्ती तरुणही त्याच चर्चकडे जवळपास तसाच पाहू लागला आहे. लग्न, बाप्तिस्मा, मयत एवढ्यापुरता त्याचा संबंध उरतो. त्याला अश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या नोकरीचा, घराच्या हप्त्याचा, मनातल्या एकटेपणाचा उल्लेख प्रवचनात किती वेळा येतो, हे तपासणे अवघड आहे, आणि तेच आधी करायला हवे.

मराठीपुरते सांगायचे तर समोरच्याशी कसे बोलावे, या बाबतीत नारायण वामन टिळकांइतके शिकवणारे उदाहरण दुसरे नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली. गप्पा सुरू झाल्या त्या काव्यावरून. धर्माचा विषय मागून आला. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. ख्रिस्ती सभांमधून या भाकिताचेच कौतुक फार होते. खरे तर त्याआधीचे काव्यावरचे बोलणे मोलाचे होते. समोरच्या ब्राह्मण कवीला जे प्रिय आहे त्यात त्या परक्या माणसाला मनापासून गोडी वाटली, म्हणून टिळकांनी पुस्तक वाचण्याचा शब्द दिला. सुरुवातीला त्यांनी ते केवळ दिलेल्या शब्दाखातर वाचले. डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण टिळकांच्या घरातली गोष्ट त्याहून अवघड आहे आणि तीच अधिक सांगायला हवी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हे सारे वज्राघातासारखे होते. नवराबायको सुमारे पाच वर्षे एकमेकांपासून दूर राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे सांभाळले आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. वादात कुणालाही गप्प करू शकणाऱ्या त्या पंडिताने घरात वाद जिंकायचा हट्ट धरला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा त्यांनाच पडला. त्याचे उत्तरही त्यांचे त्यांनी शोधले आणि १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. दुसऱ्याच वर्षी ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग वाचकांच्या हाती आला. ज्या मराठी घरांना ख्रिस्ती धर्माशी काही देणेघेणे नव्हते, त्यांनीही हे पुस्तक प्रेमाने वाचले. त्यात कुणाला पटवण्याची धडपड नाही. आहे तो एका बाईचा संसार, त्यातले हाल, हसू आणि ख्रिस्त.

टिळकांनी प्रचारासाठी अभंग आणि कीर्तन स्वीकारले. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, हे ते उघडपणे सांगत. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना एकत्र बसवले. दोनच वर्षांनी ते गेले. दरबार अपुरा राहिला, तरी त्यामागचा विचार आजही धाडसाचा वाटतो.

आता घराजवळचे उदाहरण. आगाशीच्या शेजारी नंदाखालला १९४२ मध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले आणि ते धर्मप्रांताच्या कुंपणाबाहेर नेले. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते उतरले तेव्हा विषय विहिरींचा, शेतजमिनींचा आणि गुंडगिरीचा होता. त्या लढ्यात सर्व धर्मांची माणसे होती आणि झग्यातला हा पाद्री आपल्या पाण्यासाठी रस्त्यावर उभा आहे, हे वसईने पाहिले. बायबलमधल्या शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीत येशूही विहिरीशी पाणी मागूनच बोलायला सुरुवात करतो. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतरची.

मात्र दिब्रिटो समाजकार्यावर थांबले नाहीत. आपली श्रद्धा त्यांनी संकोचून खिशात ठेवली नाही. संपूर्ण बायबल त्यांनी आजच्या मराठीत आणले. त्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ते पद भूषवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीला विरोध झाला, तरी ते ठाम राहिले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले वाचकही होते. चांगुलपणा दिसला की पुरे, बोलायची गरज काय, असे म्हणणाऱ्या आजच्या सभ्य ख्रिस्ती माणसाने हे काम नीट पाहावे. शेजाऱ्याला आपल्या जीवनाचा आधार कोण, हे कधीच न सांगणे हाही एक दुरावाच आहे.

कायद्याचे थोडक्यात. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. जबरदस्तीने किंवा आमिषाने आलेली श्रद्धा ख्रिस्तालाही नको आहे. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यातही हीच भूमिका आहे. म्हणून माणसे मोजण्याची सवय सुटली पाहिजे. आपल्यावर कुणाचा डोळा आहे, हे शेजाऱ्याला लगेच कळते आणि मग तो अंग काढून घेतो.

या साहित्य संमेलनापुढे दोन सूचना ठेवायच्या आहेत. पहिली, कादोडी आणि वाडवळी बोलींत लिहिणाऱ्या तरुणांना प्रार्थनेबरोबरच शंकाही लिहू द्या. विरार लोकलमधला तो मुलगा आपल्या बोलीत आपली शंका वाचेल, तेव्हा कदाचित पुढचे पानही उलटेल. दुसरी, चर्चच्या प्रत्येक वार्षिकात ख्रिस्ती नसलेल्या किंवा चर्च सोडून गेलेल्या एका वाचकाचे पत्र काटछाट न करता छापा. त्याखाली लगेच फादरांचे उत्तर नको. संपादकांनी त्या वाचकाच्या घरी जावे, त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे आणि तो हो म्हणाला तर उत्तर पुढच्या अंकात द्यावे. या वर्षीचे नाताळ विशेषांक अजून छपाईला गेलेले नाहीत.