पिसांनी सांगितलेलं आणि न सांगितलेलं

पाळीव पक्ष्यांत 'बटन क्वेल' म्हणून विकला जाणारा छोटा लावा पिल्लू असताना नर की मादी, हे रंगावरून ठरवू नये. मूळ रंगाच्या वाणात दोघांची लव सारखीच असते. फरक उमटतो तो पहिली पक्की पिसं आल्यावर. नराची छाती निळसर-करडी, पोट तांबूस आणि गळ्यावर काळ्या-पांढऱ्या रंगाचा ठळक पट्टा, तर मादी तपकिरी, ठिपकेदार. मग रंगखूण पुरेशी नाही का? मूळ वाणापुरती आहे. चंदेरी वाणात मात्र ती फिकटते आणि पांढऱ्यात पुसलीच जाते. तिथे आवाज ऐकावा म्हणतात, पण एकटी पडलेली मादीही साद घालते. अंडं दिसेपर्यंत थांबणंच खात्रीचं. घाईत जोडी लावून दोन नर एकत्र कोंडले, तर भांडणात जखमा होतात.