वय वाढले, तरी ताकद राखता येते

वय वाढते, तसे स्नायू झिजतात.
चाळिशीच्या आसपास ही झीज हळूहळू सुरू होते.
साठीनंतर तिचा वेग वाढतो.
जिना चढणे, जमिनीवरून उठणे जड जाते.

श्रोतेहो, यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे व्यायाम.
त्यातही, स्नायूंना जोर लावणारा व्यायाम.

कर्जत-खालापूरच्या गावांत भातलावणी, लाकडाची मोळी आणि डोंगराची चढण यांतून हा जोर रोजच लागतो.
शेतातले काम सुटले, की तोही थांबतो.
मग व्यायाम घरीच करावा.
हात न टेकता खुर्चीतून उठावे, पुन्हा बसावे.
भिंतीला हात टेकवून जोर काढावेत.
आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात.

सोबत प्रथिने हवीत.
वालाची उसळ, डाळ, अंडी, सुकी मासळी.

आता अश्वगंधा या वनौषधीविषयी.
व्यायामासोबत ती घेतल्यास ताकद थोडी वाढते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे.
पण त्यांत तरुणच अधिक होते.
थायरॉइड, मधुमेह किंवा यकृताचा आजार असल्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

म्हणून पुन्हा एकदा.
आधी व्यायाम.
सोबत आहार.
वनौषधी त्यानंतर, आणि तीही सल्ल्यानेच.