'वय झाले' हे निदान नव्हे

(वृद्धांच्या शुश्रूषेविषयी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले एखादे वडील डोळ्यांसमोर आणावेत. वर्षानुवर्षे पहाटे उठून फिरायला जाणारे, येताना दूध आणि वर्तमानपत्र घेऊन येणारे. अलीकडे ते चौकापर्यंतच जातात. वाटेत एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर टेकतात. जिना चढताना दोनदा थांबतात. रात्री एक उशी पुरत नाही, दोन लागतात. संध्याकाळी पायमोज्याचे वळ घोट्यावर खोल उमटलेले दिसतात. मुलाने विचारले तर उत्तर ठरलेले : ''काही नाही रे, वय झाले आता.'' आईची तऱ्हा आणखी निराळी. ती विचारण्याची वेळच येऊ देत नाही. ओट्याशी उभे राहवत नाही म्हणून ती बसून भाजी चिरू लागते आणि घराला वाटते, तिने नवी सवय लावून घेतली.

मग एक दिवस रक्ताची तपासणी होते. हिमोग्लोबिन साडेआठ निघते. टू-डी इको सांगतो की हृदयाचे आकुंचन क्षीण झाले आहे. रक्त का कमी झाले, याचे उत्तर मात्र कोणत्याच कागदावर नसते. अशा वेळी घराने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एकमेकांना ओढणारे दोन आजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅमपेक्षा आणि स्त्रीचे १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय होय. वृद्धांना या निकषातून सूट नाही. केस पिकतात तसे रक्तही उतरायचेच, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी झाले की तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला अधिक रक्त पुढे ढकलावे लागते. सुदृढ हृदय हा भार बराच काळ पेलते. थकलेले हृदय पेलू शकत नाही. हृदय मंदावले की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटतो. नव्या पेशी तयार करण्याचा संदेश अस्थिमज्जेला देणारे संप्रेरक मुख्यत्वे मूत्रपिंडांतच तयार होते. ती दुबळी झाली की हा संदेशही क्षीण होतो. शिवाय दीर्घ आजारात शरीरातील लोह कोठारात कुलूपबंद धान्यासारखे अडकून पडते. असून उपयोगी येत नाही. अंगात पाणी साठल्याने रक्त पातळ होते, ते वेगळेच. अशा प्रकारे हृदय रक्ताला आणि रक्त हृदयाला खाली ओढत राहते.

कारणाचा शोध

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाचे एक विश्लेषण २००४ साली प्रसिद्ध झाले. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींपैकी दहा टक्क्यांहून किंचित अधिक लोकांना रक्तक्षय असल्याचे त्यात आढळले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये कारण होते लोह, ब-१२ वा फोलेट यांची कमतरता. एक तृतीयांशांमध्ये मूत्रपिंडाचा विकार किंवा दीर्घकालीन दाह. आणि उरलेल्या एक तृतीयांशांमध्ये कारण सापडलेच नाही. या आकड्यांतून दोन बोध घ्यावयाचे. शोध घेतला तर बहुतेकांना उत्तर मिळते, त्यामुळे शोध टाळणे हा अपराध आहे. आणि काहींना ते मिळत नाही, त्यामुळे न मिळाल्याबद्दल स्वतःला किंवा डॉक्टरांना दोष देत बसणे व्यर्थ आहे.

या शोधात घराचा वाटा प्रयोगशाळेइतकाच मोलाचा आहे. डॉक्टरांकडे जाताना घरातील औषधांची पिशवी जशीच्या तशी सोबत न्यावी. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी जठरातून नकळत रक्तस्राव घडवू शकते. तीच गोळी अंगात मीठ-पाणी साठवून हृदयाचा भारही वाढवते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ घटू शकते. शाकाहारी घरांत, विशेषतः दूध-दहीही सुटले असेल तर, ही शक्यता अधिक. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो काय, हा प्रश्न संकोचाने टाळला जातो. तो विचारलाच पाहिजे. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून तेही सांगावे.

कारण कधी कधी अनपेक्षित जागी दडलेले असते. एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ साली एक निरीक्षण नोंदवले : महाधमनीच्या मुखाशी असलेली हृदयाची झडप अरुंद झालेल्या काही वृद्धांना आतड्यांतून रक्तस्राव होत होता. झडपेचा आणि आतड्याचा संबंध काय, हे पुढे कित्येक वर्षांनी उलगडले. अरुंद वाटेतून रक्त वेगाने जाताना रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या एका प्रथिनाचे मोठे रेणू तुटतात, आणि आतड्यांतील नाजूक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. अशा अनेक रुग्णांचा रक्तस्राव झडप बदलल्यावर थांबतो. छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन ही झडप बसवण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी २००२ साली प्रथम केली. आज ती भारतातही होते. जे 'वयामुळे' वाटत होते, त्यामागे दुरुस्त होण्याजोगे कारण असू शकते, ते असे.

उपचारांतील तारतम्य

हृदय थकलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये लोहाची कमतरता असते. म्हणून केवळ हिमोग्लोबिन पाहून न थांबता फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. अशा रुग्णांवरील २०१७ सालच्या एका मोठ्या चाचणीत तोंडाने घेतलेल्या लोहाने श्रमक्षमता वाढली नाही. शिरेतून दिलेल्या लोहाने मात्र चालण्याची शक्ती आणि रोजचे जगणे सुधारते, असे २००९ पासूनच्या चाचण्यांत दिसले आहे. उलट, रक्त वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनांचा हृदयरुग्णांवर केलेला प्रयोग २०१३ साली निराशाजनक ठरला. मृत्यू घटले नाहीत आणि रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण वाढले. अहवालातला आकडा वाढला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे.

रक्त चढवण्याबाबतही हेच. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारणतः एक ग्रॅमने वाढते. परंतु दुबळ्या हृदयाला एकदम आलेला तो भार सोसत नाही, दम लागतो. म्हणून रक्त सावकाश, एकेक पिशवी आणि बहुधा लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या आधाराने दिले जाते. 'आजच दोन-तीन पिशव्या चढवून टाका' असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

शोध कुठे थांबवावा?

प्रत्येक तपासणीपूर्वी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : याचे जे उत्तर येईल, त्याने उपचार बदलणार आहे काय? बदलणार असेल तर थकवा सोसूनही ती करावी. बदलणार नसेल तर अस्थिमज्जेची सुई किंवा पुन्हा एकदा दुर्बीण कशासाठी, याचा विचार व्हावा. पुष्कळदा सारे केल्याचे समाधान मुलांना हवे असते आणि त्याची किंमत आईवडिलांचे शरीर मोजते.

हा निर्णय ज्यांचा देह आहे त्यांना विचारून घ्यावा. त्यांच्या उशाशी बसून, घाई न करता विचारावे : तुम्हाला काय हवे आहे? कोणाला पुन्हा देवळापर्यंत चालत जायचे असते, कोणाला रात्रीची शांत झोप हवी असते, कोणाला इस्पितळ नको असते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि त्याविषयीचे आगाऊ इच्छापत्र यांना मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. हा विषय काढणे अशुभ मानले जाते. पण तो काढला नाही, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी मध्यरात्री भावंडांनाच तो निर्णय घ्यावा लागतो.

घरातील शुश्रूषा

रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर ते बाळसे नव्हे, साठलेले पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ हिशेबात धरावे. सैंधव म्हणजे पथ्य, हा समज चुकीचा आहे, तेही मीठच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. जेवणाला लागूनच चहा नको, त्याने अन्नातील लोह शोषले जात नाही. झोपताना श्वास कोंडणे, पायावरची सूज, नवी भूल-भ्रांत यांच्याकडे लक्ष असावे.

सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत दर वर्षी पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे. त्याचे कार्ड आजारपणाआधीच काढून ठेवावे. वाकडी खाट, चाकांची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र माफक अनामतीवर देणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अनेक गावांत आहेत. त्यांची चौकशी करण्यात कमीपणा नाही.

आणि शुश्रूषा करणाऱ्याचे काय? ती बहुधा सून असते, मुलगी असते, किंवा स्वतःच सत्तरीची झालेली पत्नी. परगावचा मुलगा दूरध्वनीवरून सूचना देतो. रात्री तीन वाजता उठते ती दुसरीच कोणीतरी. सूचनेऐवजी त्याने वर्षातले पंधरा दिवस द्यावेत, तिला विश्रांती द्यावी. सेवेची वाटणी झाली नाही की सेवेचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा आजाऱ्याला सर्वांत आधी कळतो.

पंढरीच्या विटेची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. आईवडिलांचे पाय चेपत असलेल्या पुंडलिकाने दाराशी आलेल्या देवालाही थांबवले. त्याला आईवडिलांचे म्हातारपण दूर करता आले, असे कथेत कोठेही नाही. तो त्यांच्यापाशी होता, एवढेच आहे. शोध मनापासून घ्यावा, औषध वेळेवर द्यावे; आणि वहीतल्या आकड्यांनी ऐकायचे नाकारले तरी संध्याकाळी त्या दुकानाच्या पायरीपर्यंत वडिलांबरोबर चालत जावे, तिथे त्यांच्या शेजारी बसावे, आणि त्यांना उठावेसे वाटेपर्यंत उठू नये.